मैलाचा दगड आला की जोडी बदला

तारीख १५ जानेवारी १९६१. रविवार, किंक्रांत. सकाळचे साडेसहा वाजायला आलेत, अजून पुरतं उजाडलेलं नाही आणि तुम्ही शनिपारापाशी एका काळ्या, चोवीस इंची सायकलचं हँडल धरून उभे आहात. अंगात घरी विणलेला स्वेटर, गळ्यात मफलर, पँटच्या उजव्या पायाला लोखंडी क्लिप. खिशात चिल्लर आहे, तिच्यात जुने आणे आणि नवे पैसे दोन्ही, आणि कागदात बांधलेला तिळगूळ. घड्याळ नाही, पण आज त्याची गरज पडणार नाही.

सायकल नीट बघून घ्या. जड आहे, वीसेक किलो सहज भरेल. गिअर नाहीत. ब्रेकला वायर नाही, लोखंडी कांबी आहेत. मागच्या चाकाला टेकणारा डायनॅमो आहे. पुढं महानगरपालिकेचा बिल्ला लावलाय, सायकलीवरचा कर भरल्याची खूण. बिल्ला नसला तर चौकात अडवतात. अंधारात दिवा नसला तरी अडवतात आणि डबलसीट दिसलात तर अडवतातच. पुण्यात पोलिसाला घाबरायचं ते मुख्यतः सायकल चालवताना, कारण या शहरात चालवायला बहुतेकांकडे तेवढंच वाहन आहे. प्राध्यापक सायकलवर, गवळी सायकलवर, कारकून, शिक्षिका, वर्तमानपत्र टाकणारा पोरगा, सगळे सायकलवर.

मंडळी जमताहेत. मिलिटरी अकाउंट्समध्ये नोकरी करणारे अण्णा, वयानं सगळ्यांत मोठे. त्यांची बहीण, जिला सगळेच ताई म्हणतात. ती मुलींच्या शाळेत शिकवते. पोस्टात काउंटरवर बसणारा एक जाडजूड, हसरा गृहस्थ. फर्ग्युसनमध्ये बी.ए.च्या वर्गात असलेला एक लुकडा पोरगा. आणि शेवटी डोळे चोळत येणारा, छापखान्यात खिळे जुळवणारा कंपोझिटर. रात्रपाळी करून आलाय आणि त्याची सायकल भाड्याची आहे, दिवसभरासाठी घेतलेली. तिला दिवा नाही.

"मग तू उजाडेपर्यंत हातात धरून चाल," अण्णा म्हणतात.

आणि अण्णा स्वतःही सायकलवरून उतरतात. ताई उतरते, पोस्टातले उतरतात. तुम्हीही उतरा. सहाही जण सायकली हातात धरून बाजीराव रस्त्यानं तळ्यातल्या गणपतीपर्यंत चालत जातात. एकालाही त्यात वेळ वाया गेल्यासारखं वाटत नाही. वाटेत एका ओट्यावर बसलेले आजोबा विचारतात, "किंक्रांतीच्या दिवशी कुठं निघालात रे?"

"खडकवासल्याला, आजोबा. संध्याकाळच्या आत परत!"

पर्वतीच्या पायथ्याशी फटफटतं. अण्णा सगळ्यांना थांबवून नियम सांगतात, तुम्ही नवे आहात म्हणून. नियम तीनच आहेत. पहिला, सर्वांत हळू चालवणारा पुढं राहील. आज तो मान कंपोझिटरचा. रात्रीची झोप नाही आणि सायकल भाड्याची. त्याच्या पुढं चाक काढायचं नाही. दुसरा, दोघादोघांनी जोडीनं चालवायची आणि मैलाचा दगड आला की जोडी बदलायची. डावीकडची रांग तशीच राहील. उजवीकडच्या रांगेतला पुढचा थांबेल आणि मागं येऊन शेवटच्याच्या शेजारी लागेल. प्रत्येक थांब्यानंतर रांगाही बदलायच्या, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला प्रत्येक जण येईल. तिसरा, दम लागून बोलणं तुटलं तर वेग जास्त झाला असं समजायचं.

टांग मारा. पहिल्या काही फेऱ्यांत सायकलचं वजन जाणवेल, मग चाकं आपली आपण वजन वाहू लागतील.

पहिला मैल तुम्ही अण्णांच्या शेजारी आहात. त्यांची रॅले थेट इंग्लंडहून आलेली, महायुद्धाच्या आधीची. पुढच्या मडगार्डचा रंग उडालाय, पण चेन पाहा, तेलानं चकचकीत. पूर्वी चांगली सायकल म्हणजे बोटीनं येणारी वस्तू, ते सांगतात. आता आसनसोलला सेन-रॅले निघते, मद्रासकडं हर्क्युलस तयार होते, सोनीपतला ॲटलस आणि लुधियान्याला हीरो. "आपल्या पोरांना विलायती सायकल म्हणजे काय ते समजावून सांगावं लागेल बघ," असं म्हणताना त्यांचा चेहरा उजळतो. स्वातंत्र्याला तेरा वर्षं झालीत, महाराष्ट्र राज्याला साडेआठ महिने. देशात सायकल बनते या गोष्टीचा आनंद त्यांच्या पायांत उतरलाय. तुमच्या लक्षात येईल की ते पॅडल मारताना खांदे अजिबात हलवत नाहीत. रोज कॅम्पात जाऊन-येऊन कमावलेली चाल आहे ती.

दगड येतो. पांढऱ्या चुन्यावर काळा आकडा. जोडी बदलते.

आता शेजारी ताई. तिच्या लेडीज सायकलच्या मागच्या चाकावर दोऱ्याची जाळी आहे, साडी आऱ्यांत अडकू नये म्हणून. पदर कमरेला खोचलेला. अण्णांनीच सीट धरून तिला शाळेच्या मैदानावर शिकवली. पहिल्या दिवशी ती कुंपणात गेली, तिसऱ्या दिवशी अण्णांनी न सांगता हात सोडला आणि ती अख्खी फेरी मारून आली. तेव्हा वाड्यातल्या बायका कुजबुजल्या होत्या. आता त्याच बायका आपल्या मुलींना तिच्याकडं पाठवतात. तिच्या वर्गातल्या कितीतरी मुली सायकलनं शाळेत येतात, घोळक्यानं, रस्ताभर बोलत. "त्यांना कुणी सोडायला-आणायला लागत नाही," ती म्हणते, आणि तिच्या बोलण्यात त्या मुलींपेक्षा जास्त अभिमान आहे. विठ्ठलवाडीच्या देवळाकडं वळताना ती हँडलवरचा एक हात कपाळाला लावते आणि वाक्य तिथूनच पुढं सुरू करते.

या वेगानं एका मैलाला सात-आठ मिनिटं लागतात. तेवढ्यात एक गोष्ट पुरती सांगून होते. फार घाई केली तर अर्धी राहते आणि थांबून राहिलं तर फाटे फुटतात. मैलभराची गोष्ट बेताची असते, सांगणाऱ्याला नेमकं बोलावं लागतं, ऐकणाऱ्याचं लक्ष टिकतं. समोरासमोर बसून जे बोलायला जड जातं, ते इथं सहज निघतं, कारण दोघांचीही नजर रस्त्यावर असते. तुम्हीही बोला. तुमच्या तोंडून आपसूक या काळाला शोभेल तेच निघेल.

पुढच्या दगडाला तुम्ही सर्वांत पुढं, कंपोझिटरच्या शेजारी येता. त्याची बोटं पाहा. नखांच्या कडेला शाई बसलीय, ती साबणानं जात नाही. गेला आठवडाभर त्यानं पानिपतावरचाच मजकूर जुळवला. काल, १४ जानेवारीला, त्या लढाईला बरोबर दोनशे वर्षं झाली. "उलटी अक्षरं वाचायची सवय झालेली," तो सांगतो, "त्यामुळं भाऊसाहेबांचं मरण मी उलट्या अक्षरांतच वाचलंय." मग आवाज खाली आणून म्हणतो की विश्वासराव पडल्याचा मजकूर जुळवताना हात क्षणभर थांबला होता. रोज हजारो खिळे उचलणारा हात. त्याला इतिहासाची पदवी नाही, पण यमुनेच्या काठी रसद कशी तुटली, सैन्याबरोबर यात्रेकरू आणि बायकामुलं किती होती, हे सगळं त्याला तोंडपाठ आहे. फर्ग्युसनमधला पोरगा मागून ओरडतो, "गनिमी कावा सोडला तिथंच हरलो!" आणि कंपोझिटर न वळता उत्तर देतो. झोप पार उडालीय त्याची. वाद रंगात येतो आणि नेमका दगड येतो. वाद तिथंच राहतो, जोडी बदलते. परतीच्या वाटेवर तो पुन्हा उचलला जाईल, दोघांचंही डोकं थंड झाल्यावर.

वडगावला चहा. कपबशीतून, बशीत ओतून, फुंकर घालून. शेताच्या बांधावर बसलेल्या एका आजींकडून ताई हरभऱ्याच्या डहाळ्यांची जुडी घेते. सगळे उभ्या उभ्या घाटे सोलून खातात. बोटांना ती आंबट, खारट चव लागते आणि नंतर मैलभर टिकते.

इथंच पोस्टातल्यांच्या मागच्या चाकाची हवा गेलेली दिसते. गावात सायकलचं दुकान म्हणजे झाडाखाली ठोकलेली एक पेटी, एक पंप आणि पाण्याचं घमेलं. दुकानदार चाक न काढताच टायरची एक कड पान्याच्या दांडीनं बाहेर ओढतो. आतून ट्यूब काढतो. हवा भरून ती घमेल्यात बुडवतो आणि हळूहळू सरकवत नेतो. सगळे ओणवे होऊन बघतात. पाण्यात एक बुडबुडा, मग त्यामागं बारीक बुडबुड्यांची सर. बाभळीचा काटा. तो जागेवर बोट दाबून धरतो, ट्यूब पुसतो, कानशीनं घासून खरखरीत करतो, सोल्यूशन लावतो आणि मग काहीच करत नाही. ते सुकायला हवं. जुन्या ट्यूबचा गोल तुकडा कापून हातात घेतो आणि वाट बघतो. या पंक्चरनं अर्धा तास जातो. कुणी हळहळत नाही. पोस्टातले दुकानदाराकडं त्याच्या मुलाची चौकशी करतात. निघताना कळतं की मुलगा लष्करात आहे आणि त्याची मनीऑर्डर दर महिन्याला यांच्याच हाताखालून जाते.

चहानंतर रांगा बदलल्या. आता शेजारी फर्ग्युसनमधला पोरगा. त्याला पानिपतापेक्षा मद्रासची काळजी जास्त आहे. तिथं पाकिस्तानविरुद्ध कसोटी चालू आहे, पाकिस्ताननं धावांचा डोंगर रचलाय. "पण आपला चंदू बोर्डे आहे ना," तो म्हणतो. आपला, म्हणजे पुण्याचा. त्यानं बोर्डेला नेटमध्ये खेळताना पाहिलंय. तुम्हाला ठाऊक आहे की हा सामना संपेल तेव्हा बोर्डे १७७ धावांवर नाबाद असेल आणि ती त्याची कसोटीतली सर्वोच्च खेळी ठरेल. सांगू नका. तो आनंद या पोराला त्याच्या वेळेला, वर्तमानपत्र उघडताना मिळायचा आहे.

धायरी फाटा मागं पडतो. रस्ता सामसूम आहे. कालव्याच्या पाण्यावरची हिरवी शेतं, एखादी बैलगाडी आणि मधूनच धुरळा उडवत जाणारा एखादा ट्रक. ट्रक आला की अण्णा घंटी वाजवतात, सगळे एकेरी रांगेत येतात, धुरळा बसला की पुन्हा जोड्या. हे ट्रक पानशेतकडं चाललेत. तिथं आंबी नदीवर मातीचं नवं धरण होतंय आणि ते लौकर उरकण्याची घाई आहे. जलसंशोधन केंद्राचा परिसर ओलांडला की शेवटचा चढ लागतो. कंपोझिटर उतरून चालायला लागतो, म्हणून सगळे उतरतात. तुमच्या डाव्या हाताला समोर सिंहगड. त्याच्या माथ्याकडं नीट बघा. वर टॉवर नाही. टेलिव्हिजनचा मनोरा यायला अजून बारा वर्षं आहेत. आकाशावर कोरलेली गडाची कड अखंड आहे, तानाजीच्या काळी दिसली असेल तशी.

आणि मग खडकवासल्याची भिंत.

एकोणिसाव्या शतकात बांधलेली, दगडाची, भक्कम. तिच्यामागं निळं पाणी. पलीकडच्या काठाला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, उद्घाटनाला उद्या सहा वर्षं होतील. सायकली झाडाला टेकवा, चादर पसरा. डबे उघडतात. ताईच्या डब्यात कालच्या गुळाच्या पोळ्या आहेत. गुळाची पोळी दुसऱ्या दिवशीच खरी खावी. गूळ कडेपर्यंत पोचलेला, तीळ आणि खसखस दाताखाली येणारे, पोळी थंड आणि खुसखुशीत. वर तूप थिजलेलं, ते बोटानं पसरायचं. पोस्टातल्यांकडं बाजरीची भाकरी आणि वांग्याची भाजी आहे. जेवल्यावर कंपोझिटर रुमाल तोंडावर टाकून झोपतो. बाकीचे त्याला झोपू देतात आणि हळू आवाजात बोलत राहतात.

तुम्हाला मात्र त्या भिंतीकडं स्वस्थपणे बघवत नाही. तुम्हाला तारीख ठाऊक आहे. याच वर्षी १२ जुलैला सकाळी पानशेत फुटेल, तो लोंढा या जलाशयात येईल आणि दुपारी ही भिंत कोसळेल. मुठेचं पाणी शनिवार, नारायण, कसबा पेठेतल्या वाड्यांत शिरेल आणि माती-लाकडाचे वाडे एकामागून एक बसतील. पोस्टातल्यांचं बिऱ्हाड ओंकारेश्वराजवळ आहे. कंपोझिटरची खोली नारायण पेठेत, नदीपासून हाकेवर.

तुम्हाला बोलता येणार नाही. या प्रवासात भविष्य सांगायला वाचा फुटत नाही. पण ऐकता येतं, तेव्हा परतीच्या वाटेवर कान उघडे ठेवा.

तीनच्या सुमारास सगळे निघतात. उतार साथीला आहे. पहिल्या मैलाला पोस्टातले तुमच्या शेजारी आहेत. ते आपल्या आईबद्दल सांगतात. तिला जिना चढवत नाही, म्हणून तळमजल्याची खोली घेतलीय. धाकट्याला दमा आहे, रात्री वाफ द्यावी लागते. पत्र्याच्या ट्रंकेत वडिलांची पत्रं आहेत, ती तिनं अजून कुणाला वाचू दिली नाहीत. हे सगळं ते आळीपाळीनं सर्वांना सांगतात, मैलामैलाला. अण्णांना आईचे गुडघे कळतात, ताईला धाकट्याचा दमा कळतो, कंपोझिटरला ट्रंक कळते. आणि अण्णा सांगतात की शुक्रवार पेठेत त्यांच्या वरच्या माडीवर एक खोली नुसती पडून आहे.

सहा महिन्यांनी, नदी पेठांत शिरेल त्या दुपारी, पोस्टातल्यांना विचार करावा लागणार नाही. आईला सायकलच्या कॅरिअरवर बसवून, धाकट्याला पुढं दांडीवर घेऊन ते सरळ शुक्रवार पेठेकडं निघतील. डबलसीट म्हणून त्या दिवशी कुणी अडवणार नाही. दारात ताई पाणी तापवत ठेवेल, कारण दम्याला वाफ लागते हे तिला माहीत आहे. कंपोझिटरनं ट्रंक डोक्यावर घेतलेली असेल. रविवारी मैलामैलानं जे बोललं गेलं, ते त्या दिवशी उपयोगी पडेल. सोबतीनं हळू सायकल चालवण्यातून माणसं जोडली जातात असं आपण सहज म्हणतो. ती जोडली जातात म्हणजे काय होतं, ते हे आहे. एकाच्या घरची अडचण दुसऱ्याला आधीपासून ठाऊक असते.

तळ्यातल्या गणपतीपाशी सगळे थांबतात. पोस्टातले हिशेब मांडतात. चहा, डहाळे, पंक्चर, कंपोझिटरच्या सायकलचं भाडं, सगळं सहा जणांत. भाडं सगळ्यांनी का द्यायचं, असं कंपोझिटर विचारतो. "तू नसतास तर आम्ही भराभरा गेलो असतो आणि दहाला घरी येऊन बसलो असतो," अण्णा म्हणतात. तिळगूळ उरलाय, तो वाटून संपवतात.

यानंतर शहर झपाट्यानं बदलेल. पूरग्रस्तांच्या वसाहती दूर दूर वसतील, पिंपरी-चिंचवडला कारखाने उभे राहतील, कामाची ठिकाणं सायकलच्या टप्प्याबाहेर जातील. आकुर्डीत स्कूटर बनू लागतील. फर्ग्युसनमधल्या पोराला पुढं एक हवी आहे आणि ती त्यानं घ्यावी, लांबच्या नोकरीला ती लागणारच. त्यात त्याची चूक काही नाही. मात्र स्कूटरवर शेजाऱ्याशी बोलता येत नाही.

तुम्ही आपल्या काळात परत याल तेव्हाही सिंहगड रस्त्यावर रविवारी पहाटे सायकली असतील. हलक्या, अनेक गिअरच्या, सुंदर सायकली. चालवणारे तंदुरुस्त असतील, हेल्मेट घातलेले. कुणी वेळ नोंदवत असेल. कुणी दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हे या लांब पल्ल्याच्या फेरीची तयारी करत असेल, साडेतेरा तासांच्या मर्यादेत संपवायची म्हणून. त्यांचं कौतुकच आहे. पण महिन्यातला एक रविवार अण्णांच्या तीन नियमांसाठी राखून ठेवा. हमरस्त्यावर आता जोडीनं चालवणं धोक्याचं आहे, तेव्हा गर्दी नसलेला, गावांमधून जाणारा रस्ता निवडा. सहा-आठ जण पुरेत. ज्याला वाटतं की आपल्याला जमणार नाही, त्याला आधी बोलवा आणि त्याला पुढं ठेवा. मैलाचे दगड आता किलोमीटरचे झालेत, म्हणून दर दोन दगडांना जोडी बदला. डबा घरचा न्या. पंक्चर झालं तर सगळे थांबा. आणि जो शेजारी येईल त्याला विचारा, घरी सगळं कसं चाललंय. मग पुढचा दगड येईपर्यंत मध्ये न बोलता ऐका.